कोळशाचे स्वयंज्वलन

कोळशाचे स्वयंज्वलन : ठिणगी, ज्योत वा अन्य कोणत्याही बाह्य उष्णतेचा संपर्क न होता साठवलेला कोळसा आपोआप तापत जाऊन पेट घेतो, या घटनेस कोळशाचे स्वयंज्वलन असे म्हणतात. खाणीच्या तोंडाशी रचलेले ढीग, जहाजांची मालकोठारे, आगबोटींचे बंकर, रेल्वेची व वीज केंद्रांची कोळसा आवारे अशा सर्व ठिकाणी ही घटना घडते. तीमुळे इंधनाचा नाश होतो, विषारी वायू निर्माण होतात आणि समुद्रावर असताना तर जहाजासह सर्व खलाशांच्या प्राणांवर बेतते. या धोक्याचे खरे कारण समजण्यास सु. दोनशे वर्षे लागली. त्या काळात धोका टाळण्यासाठी योजलेला एक उपाय, म्हणजे कोळशाच्या राशीतून हवा खेळविणे, हाच अनेक जहाजांच्या नाशास कारणीभूत झाला. प्रस्तुत नोंदीत या चुकीचा व तिच्या दुरुस्तीचा इतिहास मुख्यत्वे दिला आहे.

प्रक्रिया : कोळसा हा सच्छिद्र पदार्थ असून त्याच्या कणांचे अंतर्गत पृष्ठफळ फार मोठे असते. नव्याने फोडलेल्या कोळशाचा पृष्ठभाग हवेतील ऑक्सिजन झपाट्याने शोषून घेतो. प्रथम ऑक्सिजनाचे पृष्ठशोषण होते व मागोमाग कोळशाचे मंद ऑक्सिडीभवन सुरू होते. या दोन्ही क्रियांत उष्णता बाहेर पडते. ही उष्णता वाऱ्याबरोबर निघून गेली, तर काहीच घडत नाही. परंतु कोळसा हा उष्णतेचा मंद संवाहक असल्यामुळे मोठ्या राशीच्या पोटात ती साचून राहते. तापमान १०° से. वाढले की, ऑक्सिडीभवनाचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. त्यामुळे वाढलेले तापमान अधिक उष्णता निर्माण करते व ती उष्णता तापमान आणखी वाढविते. सामान्यतः ७०° ते ८०° से. च्या पुढे ही वाढ स्वतःच्याच बळावर होऊ लागते. कोळशातील ओलावा वाफ होऊन जाईपर्यंत ती काहीशी रोखली जाते. ओलावा संपल्यानंतर मात्र तापमान झपाट्याने चढून कोळसा पेटतो.

सर्व जातींचा कोळसा सारखाच पेटणारा नसतो. लिग्नाइट सर्वांत धोक्याचा, त्याखालोखाल कमी प्रतीचे बिट्युमेनी कोळसे व सर्वांत सुरक्षित अँथ्रॅसाइट, असा सामान्य क्रम आहे. चुरा जितका बारीक व पृष्ठभाग जितका ताजा, तितका धोका अधिक. महिनोन्‌महिने हवेत राहिलेल्या कोळशाची ऑक्सिजन शोषण्याची शक्ती कमी होत जाते, परंतु असा कोळसा पुन्हा फुटला की, आतील ताजे पृष्ठभाग उघडे पडून धोका पुन्हा निर्माण होतो.

येथे हवेच्या प्रमाणाचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे. राशीत हवा अजिबात शिरली नाही, तर ऑक्सिजनाअभावी क्रिया थांबते. भरपूर वारा सर्व कणांपर्यंत पोहोचला, तर निर्माण होणारी उष्णता वाहून जाते. या दोहोंमधील स्थिती, म्हणजे ऑक्सिडीभवनास पुरेल परंतु थंडावा देण्यास पुरणार नाही एवढीच हवा आत जाणे, ही सर्वांत घातक होय.

प्रारंभीच्या कल्पना : कोळसा आपोआप पेटतो, हे इंग्लंडमधील खाणकामगारांना सतराव्या शतकातच ठाऊक होते. स्टॅफर्डशर परगण्याच्या नैसर्गिक इतिहासावरील आपल्या ग्रंथात रॉबर्ट प्लॉट यांनी १६८६ मध्ये या घटनेचा संबंध कोळशातील पायराइट या लोह व गंधकयुक्त खनिजाशी जोडला. दमट हवेत पायराइटाचे ऑक्सिडीभवन होऊन लोहाचे सल्फेट व सल्फ्यूरिक अम्ल तयार होते आणि उष्णता बाहेर पडते, हे सहज दिसण्यासारखे होते. शिवाय पेटलेल्या ढिगातून गंधकाचा वास येई. त्यामुळे ‘पायराइट व ओल’ ही कारणमीमांसा जवळजवळ दोनशे वर्षे निर्विवाद मानली गेली.

जॉन पर्सी या इंग्लिश धातुवैज्ञानिकांनी १८६४ मध्ये कोळशाचेच ऑक्सिडीभवन हे स्वयंज्वलनाचे कारण असावे, असे सुचविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत रिख्टर्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कोळशाच्या ऑक्सिजन-शोषणाचे प्रयोग केले. ज्यांत पायराइट अत्यल्प आहे असे काही कोळसे सहज तापतात आणि ज्यांत ते भरपूर आहे असे काही तापत नाहीत, हे दिसून आल्यावर जुन्या मीमांसेचा पाया डळमळला. पायराइटास आज दुय्यम स्थान आहे. ते उष्णतेत थोडी भर घालते. तसेच त्याचे रूपांतर होताना ते फुगून कोळशाचे तुकडे करते व त्यामुळे नवे पृष्ठभाग उघडे पडतात.

कोळसावाहू जहाजे : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगबोटींची वाहतूक वाढली, तसा या प्रश्नास तातडीचे स्वरूप आले. ब्रिटिश आरमार व टपालबोटी यांसाठी पूर्वेकडील बंदरांत कोळशाचे मोठे साठे ठेवावे लागत. त्यांपैकी एडन हे १८३९ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात असलेले व दीर्घकाळ मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली राहिलेले बंदर प्रमुख होते. मुंबईतील गिरण्या व आगबोटी यांनाही त्या काळी विलायती कोळसा मोठ्या प्रमाणावर लागे.

हा कोळसा बहुधा शिडाच्या जहाजांतून येई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, तरी शिडाच्या जहाजांना तो व तांबडा समुद्र सोयीचे नव्हते. परिणामी आगबोटींचा कोळसा वाहणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा उष्ण कटिबंध ओलांडून, महिनोन्‌महिने प्रवास करीत. उंचावरून मालकोठारात ओतताना कोळसा फुटून तोंडाखालील जागी चुऱ्याची रास तयार होई. खोल कोठार, ताजा चुरा, लांबचा प्रवास व उष्ण हवा हे सर्व धोके अशा रीतीने एकत्र येत.

जहाजांवर दुसराही एक धोका होता. ताज्या कोळशातून मिथेन वायू सुटतो व तो हवेत ठराविक प्रमाणात मिसळल्यास ठिणगीने त्याचा स्फोट होतो. खाणींत असे स्फोट टाळण्यासाठी जोराचे वायुवीजन करतात, हा अनुभव खाणमालक व जहाजमालक यांच्यापुढे होता. तोच उपाय जहाजांनाही लागू करण्यात आला. मालकोठाराच्या तळापर्यंत जाणारे छिद्रयुक्त नळ वा लाकडी झडपांचे मार्ग कोळशाच्या राशीत बसवून त्यांतून हवा खेळविली जाऊ लागली. यामुळे वायूही निघून जाईल व कोळसाही थंड राहील, अशी अपेक्षा होती. मालक, विमा कंपन्या व कप्तान या सर्वांचा या व्यवस्थेवर विश्वास होता.

या विश्वासाची परीक्षा पाहणारे एक उदाहरण पुढे फार प्रसिद्ध झाले. न्यूकॅसल येथे चार जहाजांत एकाच वेळी, एकाच धक्क्यावर, एकाच थरातील कोळसा भरण्यात आला. त्यांपैकी एडनकडे जाणाऱ्या तीन जहाजांत राशीतून वायुवीजन करण्याची व्यवस्था होती. मुंबईकडे जाणाऱ्या चौथ्यात ती नव्हती. वायुवीजन असलेली तिन्ही जहाजे स्वयंज्वलनाने नष्ट झाली आणि चौथे मुंबईस सुखरूप पोहोचले.

जळालेल्या या तीन जहाजांपैकी एक युक्साइन हे होते. १८७४ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण अटलांटिक महासागरात त्याच्या कोळशाने पेट घेतला व खलाशांना ते सोडून होड्यांचा आश्रय घ्यावा लागला. दोन होड्या सेंट हेलीना बेटास पोहोचल्या. तिसरी मात्र चुकली. अन्नपाणी संपल्यावर तीतील माणसांनी चिठ्ठ्या टाकून आपल्यांतीलच एकाला मारले व त्याच्या मांसावर प्राण जगविले. पुढे एका डच जहाजाने वाचलेल्यांना उचलले. त्यांच्यावरील खटला शेवटास गेला नाही, परंतु त्यातून उपस्थित झालेला कायद्याचा प्रश्न दहा वर्षांनी मिन्योनेट नावाच्या बोटीच्या खटल्यात (१८८४) निकाली निघाला. जीव वाचविण्याची निकड हा खुनाच्या आरोपावर बचाव होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. कोळशाच्या राशीत बसविलेल्या वायुनळांचे परिणाम किती दूरवर पोहोचू शकतात, याची यावरून कल्पना येते.

राजकीय आयोग (१८७५–७६) : जहाजे नष्ट होण्याचे प्रकार वाढल्यामुळे ब्रिटनमध्ये या प्रश्नाच्या चौकशीसाठी राजकीय आयोग नेमण्यात आला. त्याच्या वैज्ञानिक कामात पर्सी यांच्यासह स्फोटक द्रव्यांचे तज्ञ फ्रेडरिक एबल यांचा सहभाग होता. आयोगापुढे आलेल्या एका वर्षाच्या आकडेवारीत कोळशाच्या ३१,११६ खेपांची नोंद होती. त्यांपैकी २६,६३१ खेपा यूरोपातील बंदरांकडे गेल्या व त्यांत केवळ १० दुर्घटना घडल्या. आशिया, आफ्रिका व अमेरिका या खंडांकडे गेलेल्या ४,४८५ खेपांत मात्र ६० दुर्घटना घडल्या. दूरच्या प्रवासातील दुर्घटनांचे प्रमाण जहाजातील कोळशाच्या राशीबरोबर वाढत होते. ५०० टनांहून कमी कोळसा असलेल्या जहाजांत ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते, तर २,००० टनांहून अधिक कोळसा असलेल्या जहाजांत सु. ९ टक्के होते.

काळ व रास हे दोन घटक निर्णायक आहेत, हे या आकड्यांवरून स्पष्ट झाले. पायराइट हेच मुख्य कारण असते, तर एकाच खाणीच्या कोळशाने जवळच्या व दूरच्या, लहान व मोठ्या जहाजांत इतके वेगळे वर्तन केले नसते. आयोगाने १८७६ मध्ये दिलेल्या अहवालात, लांबच्या प्रवासात कोळशाच्या राशीतून वायुवीजन करणे धोक्याचे आहे, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. मिथेन वायू बाहेर जावा म्हणून राशीच्या पृष्ठभागावरील मोकळ्या जागेतच हवा खेळवावी, राशीच्या पोटात मात्र ती शिरू देऊ नये, हे तत्त्व त्यातून पुढे आले. दोन वेगळ्या धोक्यांवर एकच उपाय लागू केल्याने झालेली चूक अशा रीतीने प्रथमच अधिकृतपणे मान्य झाली.

मान्यता मिळाली, तरी आचरणात बदल सावकाश झाला. १८८१ च्या अखेरीस टाइन नदीवरून कोळसा घेऊन बँकॉककडे निघालेले पॅलेस्टाइन हे जहाज दुरुस्तीसाठी फॅल्मथ बंदरात अनेक महिने अडकले आणि अखेर १८८३ च्या मार्चमध्ये सुमात्राजवळील बांका सामुद्रधुनीत पेटून बुडाले. त्यावर दुय्यम अधिकारी असलेले जोझेफ कॉनरॅड पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आले व या अनुभवावर त्यांनी यूथ ही दीर्घकथा (१८९८) लिहिली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधून कोळसा नेणाऱ्या जहाजांच्या दुर्घटनांमुळे तेथेही १८९६–९७ मध्ये अशीच अधिकृत चौकशी झाली.

फायोल व ल्यूइस यांचे कार्य : या विषयास प्रायोगिक बैठक देण्याचे श्रेय मुख्यतः फ्रेंच खाण अभियंते आंरी फायोल यांच्याकडे जाते. व्यवस्थापनशास्त्राचे एक प्रणेते म्हणून त्यांचे नाव आज सर्वपरिचित आहे. तथापि त्यांची प्रारंभीची ख्याती कॉमांत्री येथील खाणींतील आगींशी दिलेल्या झुंजीमुळे झाली होती. हवेत उघड्या असलेल्या कोळशात होणारे फेरफार व त्याचे स्वयंज्वलन यांवरील त्यांचा ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सिजनाचे शोषण हेच तापण्याचे प्रमुख कारण असून पायराइटाचा वाटा गौण आहे, असे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. चूर्ण केलेल्या निरनिराळ्या कोळशांची पेटण्याची तापमानेही त्यांनी दिली : लिग्नाइट सु. १५०° से., वायुनिर्मितीचा कोळसा २००° से., कोकचा कोळसा २५०° से. आणि अँथ्रॅसाइट ३००° से. वा त्याहून अधिक.

ग्रिनिच येथील नाविक महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हिव्हियन ल्यूइस यांनी १८९० मध्ये नौवास्तुविशारदांच्या संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात या सर्व संशोधनाचा आढावा घेतला. न्यूकॅसलच्या चार जहाजांचे उदाहरण मुख्यत्वे त्यांच्या लेखनातून पुढच्या पिढ्यांना ज्ञात झाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डॉंकॅस्टर येथील खाणमालकांच्या प्रयोगशाळेत जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांचे सहकारी यांनी कोळसा किती ऑक्सिजन शोषतो व किती कार्बन मोनॉक्साइड सोडतो, यांची मापने केली. त्यांतूनच ग्रॅहॅम यांचे गुणोत्तर निघाले. हवेतील ऑक्सिजनाची घट व निर्माण झालेला कार्बन मोनॉक्साइड यांच्या या गुणोत्तरावरून धूर दिसण्याच्या कितीतरी आधी तापण्याची चाहूल लागते. खाणींत ते आजही वापरले जाते.

युद्धनौका व प्रवासी जहाजे : आगबोटींच्या बंकरांतील कोळसाही असाच पेटे. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी क्यूबातील हॅव्हाना बंदरात मेन या अमेरिकन युद्धनौकेवर स्फोट होऊन सु. २६० माणसे मृत्युमुखी पडली. बाहेरील सुरुंगामुळे स्फोट झाला, असा निष्कर्ष तेव्हाच्या चौकशीत काढण्यात आला व लोकक्षोभ होऊन स्पेनशी युद्ध जुंपले. ॲडमिरल रिकोव्हर यांच्या पुढाकाराने झालेल्या व १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत मात्र बंकरातील कोळशाच्या आगीने शेजारचे दारूकोठार पेटले असण्याचा संभव अधिक आहे, असे मत मांडण्यात आले. हा वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या एका बंकरातही प्रवासाच्या प्रारंभी आग धुमसत होती, हे चौकशीतील साक्षींवरून दिसते. तिचा जहाज बुडण्याशी संबंध असल्याचे मत बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. पुढे जहाजांवर तेल इंधन म्हणून आले व बंकरांचा हा प्रश्न मागे पडला.

जमिनीवरील साठवण : कोळसा पाण्याखाली ठेवणे हा सर्वांत निर्धोक उपाय होय. पनामा कालव्याच्या कोळसा केंद्रांत काही साठा अशा रीतीने ठेवण्याची व्यवस्था होती. तथापि ही पद्धत खर्चिक असून कोळसा ओला होतो, म्हणून ती सर्वत्र रूढ झाली नाही. उघड्या आवारांत हवा रोखण्यावरच भर देण्यात येतो. कोळसा पातळ थरांत पसरून प्रत्येक थर जड यंत्रांनी दाबला जातो. ढिगाच्या कडा मंद उताराच्या ठेवतात, कारण उंचावरून एकाच जागी ओतल्यास मोठे ढेकळे घरंगळून पायथ्याशी जमतात व चुरा मध्यभागी राहतो. मग पायथ्यातील पोकळ्यांतून हवा आत शिरते व धुराड्याप्रमाणे वर ओढली जाते. या कारणाने बहुतेक आगी ढिगाच्या गाभ्यात लागत नाहीत, तर वाऱ्याच्या बाजूच्या उतारापासून थोड्या अंतरावर आत लागतात. निरनिराळ्या जातींचे कोळसे एकत्र न रचणे, ढिगात लाकूड, चिंध्या, गवत राहू न देणे, वाफेचे नळ ढिगापासून दूर ठेवणे व आधी आलेला कोळसा आधी वापरणे हे नियमही पाळले जातात.

ओलाव्याचा परिणाम दुहेरी असतो. पूर्ण भिजलेला कोळसा सहसा तापत नाही, पण वाळलेल्या कोळशाने पाणी वा दमट हवेतील बाष्प शोषले की, त्यातही उष्णता निर्माण होते. म्हणून कडक उन्हाळ्यानंतरचे पहिले पाऊस हा साठ्यांच्या दृष्टीने सावधगिरीचा काळ असतो.

ढिगावर दमट वाफ दिसणे, पृष्ठभागावर घाम आल्याप्रमाणे ओल जमणे व रॉकेलसारखा वास येणे ही तापण्याची प्रारंभीची लक्षणे होत. अशा वेळी वरून पाणी मारणे बहुधा निरुपयोगी ठरते. पाणी ठराविक वाटांनी निघून जाते व तापलेला गाभा कोरडाच राहतो. अतितप्त कोळशावर पाणी पडल्यास हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड हे ज्वलनशील वायू निर्माण होतात. तापलेला भाग यंत्राने उकरून काढून पसरणे, थंड करणे व तोच कोळसा आधी जाळून संपविणे हा श्रेयस्कर मार्ग होय.

सागरी वाहतुकीत १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक झालेल्या घन मालाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार, ५५° से. पेक्षा अधिक तापलेला कोळसा जहाजात भरता येत नाही. कोठारातील तापमान व वायू यांची नियमित तपासणी करावी लागते. मिथेनासाठी पृष्ठभागावरून हवा खेळविता येते, राशीच्या पोटातून मात्र नाही. १८७६ च्या आयोगाचा मूळ निष्कर्ष या नियमात टिकून आहे.

भारतातील स्थिती : झारखंडमधील झरिया कोळसाक्षेत्रात १९१६ मध्ये पहिली आग नोंदली गेली. पुढे पसरलेल्या या भूमिगत आगी खाणीत मागे सोडलेल्या कोळशाच्या स्वयंज्वलनाशी संबंधित असून त्यांनी वस्त्याही धोक्यात आणल्या आहेत. महाराष्ट्रात वर्धा खोऱ्यातील चंद्रपूर व यवतमाळ आणि लगतच्या नागपूर जिल्ह्यातील खाणींचा कोळसा कोक न होणाऱ्या, अधिक ओलाव्याच्या जातीचा असून तो साठ्यात तापण्याकडे झुकणारा आहे. चंद्रपूर, कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांस त्याचे मोठे साठे विदर्भाच्या तीव्र उन्हाळ्यात उघड्यावर ठेवावे लागतात. पावसाळ्यात खाणींचे उत्पादन घटते, म्हणून साठा मोठा हवा. आणि साठा जितका मोठा व जुना, तितका तो पेटण्याचा संभव अधिक, अशी ही अडचण आहे. दाबून रचणे, तापमान मोजत राहणे व जुना कोळसा वेळेवर उचलणे यांवरच तिचे निवारण अवलंबून आहे.